लेकरांच्या दम्याचा उपचार मोफत आहे, तो मागून घेऊ या

आज लहान मुलांच्या दम्याबद्दल बोलू या.

आमच्या गटात एका ताईने वर्षात चार वेळा अंतर्गत कर्ज घेतलं. कारण दर वेळी एकच, मुलाचं आजारपण. थंडी पडली की पोराला धाप लागायची, छातीत घरघर व्हायची. मग रात्री खासगी दवाखाना, सलाईन, खोकल्याचं औषध. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. हा दमा आहे, असं तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

या उपचारासाठी सरकारने पैसे ठेवलेले आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत दात, कान, हृदय यांच्यासोबत श्वासनळ्या आवळून धाप लागण्याचा आजारही आहे. पुढचा उपचार मोफत. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि औषधं सगळ्यांनाच मोफत आहेत.

मग अडतं कुठे? पथक येतं त्या दिवशी पोर हसत-खेळत असतं. दमा रोज दिसत नाही. म्हणून आईनेच सांगायला हवं. रात्री खोकला किती वेळा येतो, पळाल्यावर दम लागतो का, मागच्या वर्षात किती वेळा दवाखाना झाला, हे तारखांसह वहीत लिहून ठेवा. तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या. मुलगी असली की ‘उद्या लग्नाला अडचण’ म्हणून आजार लपवतात. तसं करू नका. श्वास तिचा अडकतो.

दुसरी अडचण पंपाच्या भीतीची. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट छातीत जातं, म्हणून ते थोडंसंच पुरतं. एक पंप धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, दुसरा नळ्यांची सूज कमी ठेवणारा. दुसरा डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यायचा, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवायचा नाही. तो घेतल्यावर चूळ भरायची. लहान मुलांना पंपाला नळकांडं, म्हणजे स्पेसर, जोडूनच औषध द्यायचं. कसं द्यायचं ते दवाखान्यात समोर करून दाखवायला सांगा.

घरात विडी-सिगारेट नको. गॅस संपला की आपली चूल पेटतेच, तेव्हा लेकराला धुरापासून लांब ठेवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले, तर पंप द्या आणि लगेच १०८ ला फोन करा. ही गाडीही मोफत आहे.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. वारंवार धाप लागणाऱ्या मुलांची यादी करून आशाताईंकडे द्या. पथक कधी येणार, ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. दवाखान्यात पंप नाही म्हणाले, तर एकटीने परत फिरू नका. गटाच्या नावाने वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एका आईला ‘नंतर या’ म्हणणं सोपं असतं, दहा जणींना तितकं सोपं नसतं.