हात बसेपर्यंत मृदंग सोडूं नका
(एका गांवीं भजनी मंडळांतील मुलामुलींपुढें तेथील शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या मंडळाचे मृदंगी आतां थकले. त्यांच्यामागें मृदंग कोण उचलणार, हा आज आपल्यापुढील प्रश्न आहे. शिकायला बसणारे पुष्कळ, पण चार महिन्यांत मृदंग खुंटीला लागतो आणि घरचे म्हणतात, "याला हातच नाहीं, तो जन्मतःच असावा लागतो." ही समजूत टाकून द्या. बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांच्या तर घरांतच सनई होती. तरीसुद्धां मामा अली बक्ष यांच्यापाशीं शिकून बनारसेंत त्यांना वर्षानुवर्षें रियाज करावा लागला. २००१ सालचें भारतरत्न त्यानंतरचें.

मधेंच कंटाळा कां येतो, तें समजून घ्या. शिकणाऱ्याचा कान आधीं तयार होतो, हात मागाहून. प्रथम आपण चुकतों हेंच कळत नाहीं, म्हणून मौज वाटते. पुढें कान उघडतो, चूक ऐकूं येते आणि वाटतें, आपण बिघडत चाललों. वास्तविक ती प्रगतीची खूण आहे. ज्या मुलाला आपलें चुकलेलें अक्षर दिसूं लागलें, तो सुधारूं लागला, असें आम्ही शाळेंत समजतों. तेव्हां आपला 'धा' आपल्यालाच पोकळ वाटला तर उठूं नका. गोडी लागली म्हणजे बसूं, असें म्हणणारा कधींच बसत नाहीं. बसणाऱ्यालाच गोडी लागते.

आतां उपाय. पहिला, वेळ थोडा पण ठरलेला असावा. आठवड्यांतून एकदां तीन तास बडविण्यापेक्षां रोज दिवेलागणीला पाव तास बरा. दुसरा, सगळा ठेका धोपटीत बसूं नका. आठ मात्रांपैकीं जेथें हात अडखळतो, तेवढ्याच दोन घ्या. चूक होणार नाहीं इतक्या सावकाश वाजवा, मग लय वाढवा. तिसरा, डाव्या तोंडाला कणीक मळून लावण्याच्या कंटाळ्यानेंच कित्येकांचा दिवस बुडतो. अशा दिवशीं नुसता उजवा हात फिरवा. सुगींत तेंही न जमलें तर खुरपतां खुरपतां बोल तोंडानें म्हणा. त्याला वेळ लागत नाहीं कीं पैसा लागत नाहीं. चौथा, एकटे कुढूं नका. एकादशीच्या भजनांत एक सोपा अभंग मागून घ्या. टाळकरी लय सांभाळून घेतात. आणि चार माणसांची लय आपल्या हातावर आहे हें कळलें, कीं दुसऱ्या दिवशीं बसायला कोणी सांगावें लागत नाहीं.

आईबापांना एवढीच विनंती : पोर बसलें कीं "काय बडवितोस" म्हणूं नका. मुलीनें मृदंग मागितला तर तिच्याही पुढें ठेवा.

येत्या एकादशीला पहिला अभंग कोण वाजविणार, तें नांव ठरवूनच आपण येथून उठूं या.