झडती आणि पंच

“पंच म्हणून दोघे या” अशी पोलिसांची हांक आली, कीं चाळींतील दारें भराभर लागतात. कोर्टाचे खेटे नकोत, हें त्याचें कारण. वस्तुतः झडतीच्या पंचाला न्यायालयानें खास समन्स पाठविल्याखेरीज साक्षीस जावें लागत नाहीं, असें कायदाच सांगतो. उलट लेखी हुकूम हातीं आल्यावर वाजवी कारणावांचून नकार देणें हाच गुन्हा!

1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 103 व्या कलमान्वयें झडतीपूर्वीं, शक्यतों त्याच वस्तींतील, निदान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावे लागतात. कोणती वस्तु कोठें सांपडली याची यादी त्यांच्यासमक्ष व्हावी, तीवर त्यांच्या सह्या असाव्या, नक्कल घरवाल्यास मिळावी. 105 वें कलम झडतीचें ध्वनिचित्रमुद्रणही करावयास लावतें. तथापि यंत्र दाखवील तेवढेंच. तें सुरू होण्यापूर्वीं कपाटाशीं कोण गेलें होतें, हें पंचच सांगूं शकतो.

सर्वोच्च न्यायालयानें 1973 सालीं पूरणमल खटल्यांत ठरविलें कीं, झडती बेकायदा झाली एवढ्यानेंच सांपडलेला पुरावा बाद होत नाहीं. तेव्हां घरवाल्याचें संरक्षण, माझ्या मतें, पुष्कळसें पंच काय पाहतो यावरच अवलंबून राहतें. त्यानें प्रथम झडती घेणारांचे खिसे तपासून घ्यावे, वस्तूंवर आपल्यादेखत लाखेची मोहोर करवावी, आणि पंचनामा सबंध वाचून, कोऱ्या जागीं रेघ ओढवून मगच सही करावी.