सह्याद्रीच्या दोन उतरणी



कंग्राळीच्या शिवाराजवळून वाहणारी मार्कंडेय नदी बैलूरच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे घटप्रभेस मिळते. तिच्या काठी वाढलेल्या आपणांस पाणी पूर्वेकडेच जाते असे वाटावे, यात नवल नाही. परंतु सागरास समांतर उभ्या असलेल्या या सह्याद्रीला दोन उतरणी आहेत. खानापूर तालुक्यातील कणकुंबीस, सुमारे ७९२ मीटर उंचीवर, मलप्रभा उगम पावते; ती कूडलसंगमास कृष्णेत मिसळून पूर्वसमुद्राची वाट धरते. त्याच परिसरातील कळसा नाला मात्र म्हादईस मिळतो, आणि म्हादई मांडवी होऊन पणजीपाशी पश्चिमसमुद्रात विलीन होते. एकाच मेघाचे पाणी असे दोन दिशांस जाते!

लोककथेनेही हा डोंगर दोन्हीकडून पाहिला आहे. पूर्वेस मलप्रभेच्या खोऱ्यात सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजेच रेणुकामाता. तिची गाणी जोगती चौंडक्यावर गातात, मराठीतही आणि कन्नडमध्येही. पश्चिमेस तिचाच पुत्र परशुराम. त्याने सह्याद्रीवरून बाण सोडला, सागर मागे हटला, आणि बाण पडला ती गोव्यातील बाणावली. भूगर्भशास्त्रज्ञ हे मानणार नाहीत. तथापि ही कथा रचणाऱ्याने घाटमाथ्यावर उभे राहून दोन्हीकडे दृष्टी टाकली असावी, असे मला वाटते.

इतिहासाची साक्ष अशीच आहे. गोव्याच्या कदंबांनी पलाशिका, म्हणजे आपली हलशी, आणि कोंकण ही दोन्ही एकाच छत्राखाली राखिली. घाट ही त्यांची सीमा नव्हती, ती रहदारीची वाट होती.

आता प्रश्न पाण्याचा आहे. हुबळी-धारवाडची तहान मलप्रभेवरील रेणुकासागर जलाशयावर अवलंबून. म्हणून कळशाचे पाणी मलप्रभेत वळवावे, ही त्या बाजूची मागणी. मांडवी आटेल आणि खाडीचे खारे पाणी आत चढेल, हे गोमंतकीयांचे भय. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी दिले. तरी वाद शमला नाही. तहान खोटी नाही, भयही खोटे नाही. परंतु ज्या अरण्यामुळे पाऊस मुरतो आणि उन्हाळ्यातही झरे वाहतात, त्याची बाजू मांडण्यास वादी कोणी नव्हता, हे मला खटकते. भीमगडचे रान २०११ मध्ये अभयारण्य झाले. म्हादईचा उगम त्याच रानात आहे.

आपणांपैकी तरुणांनी एखाद्या श्रावणात कणकुंबीस जावे. माउलीच्या देवळाजवळचे कुंड पाहावे, आणि मग चोर्ला घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन गोव्याकडे उतरणारे ओहोळही पाहावेत.