आगमनकाळ आणि आपलीं मुलें



आगमनकाळाचे चार रविवार मुलांनीं केवळ गोडधोडाची व नव्या वस्त्रांची वाट पाहण्यांत घालविले, तर गव्हाणींतील बाळ त्यांस परकाच राहील. संत फ्रान्सिस आसिसीकर यांनीं इ. स. १२२३ मध्यें ग्रेच्चो गांवीं ख्रिस्तजन्माचा देखावा मांडिला, त्यांत खरें गवत होतें, जिवंत बैल व गाढव होतें. पाहणाऱ्यांस बेथलेहेमचें दारिद्र्य डोळ्यांनीं दिसावें, हा त्यांचा हेतु.

युरोपांतील कित्येक कॅथोलिक घरांत आगमनकाळीं रिकामी गव्हाण मांडून ठेवितात. मुलानें कांहीं त्याग केला, भावंडाशीं झालेलें भांडण आपण होऊन मिटविलें, कीं रात्रीं प्रार्थनेच्या वेळीं त्यानें तींत गवताची एक काडी घालावयाची. आपल्या वसईकडे तर भाताची कापणी नुकतीच उरकलेली असते. पेंढ्याला काय तोटा!

मात्र काड्या मोजून खाऊ वांटूं नये. तो व्यापार झाला. आणि वडील माणसांनींहि आपली काडी घालावी. बांधावरून शेजाऱ्याशीं अबोला धरलेला बाप काय करितो, हें मूल बरोबर पाहत असतें.

मूर्ति २४ डिसेंबरपर्यंत पेटींतच असावी. मध्यरात्रीची मिस्सा ऐकून घरीं आल्यावर सर्वांत धाकट्यानें ती त्या पेंढ्यावर निजवावी.