जयपूरच्या तीन उतरणी

बर्फावरून लाकडी पट्ट्यांवर घसरत येणाऱ्या शौकिनांना गुलमर्गच्या उतरणींविषयी विचारावे. आपली आवडती उतरण कोणती, हे ते तासभर सांगतील. जयपूरला बर्फ नाही, अरवलीचे उघडे डोंगर मात्र आहेत. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला येथल्या तीन उतरणींनी असाच लळा लावला आहे.

पहिली गलत्याची. सूरजपोल दरवाजाबाहेर पडून टेकडी चढावी. माथ्यावर सूर्यमंदिर आहे. तेथून वळून पाहिले की शहराचा पूर्व-पश्चिम राजमार्ग दोरी धरून आखल्यासारखा दिसतो. पलीकडे वाट खिंडीत उतरते ती थेट कुंडांपाशी. वाटेत माकडांचे राज्य. हातात खाऊ असू नये, हे बरे.

दुसरी जयगडावरून आमेरला येणारी. १७२० साली गडावरच्याच ओतशाळेत घडविलेली जयवाण तोफ सारेच पाहतात. मला अधिक नवल वाटते ते पाण्याच्या योजनेचे. भोवतालच्या डोंगरांवरचे पावसाचे पाणी पाटांनी आणून गडाच्या टाक्यांत साठविले जाई.

तिसरी, माझी सर्वांत आवडती, नाहरगडची. गड १७३४ सालचा. फरसबंदी वाट नागमोडी व उताराची. पाय जपूनच टाकावा लागतो. प्रत्येक वळणागणिक सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसविलेले नगर जवळ येत जाते.

येथे मराठी मनाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज चालून येताच सवाई ईश्वरीसिंगांनी विष घेतले. पुढच्याच महिन्यात, शहर पाहावयास आत गेलेल्या मराठ्यांवर नगरवासी उठले. हजारो मारले गेले; तटावरून उड्या टाकताना कित्येकांचे हातपाय मोडले. खंडणीच्या तगाद्याने पिचलेल्या प्रजेचा तो संताप होता. अटकेची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ही सहसा सांगत नाही.

मारले गेले तेही माझ्यासारखेच हे सुंदर नगर पाहावयास आले होते, आणि ज्यांनी मारले तेही आपापल्या घरादारासाठीच उठले होते. दोघांविषयीही मन हळहळते. सरकारी वसुलीच्या कागदावर सही करणाऱ्याने तर ही हळहळ जवळ बाळगावीच.

श्रोतेहो, जयपूरला याल तेव्हा नाहरगडावर हवे तर मोटारीने जा. उतरा मात्र पायी, उन्हे कलल्यावर. पायथ्याच्या गल्लीत कोणीतरी पाणी विचारील. ते आनंदाने घ्यावे.