कोहळ्याचा वेल आणि पहिलीचा वर्ग
(शिरपूर जैन येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावाचं बोलणं सकाळी झालं, संध्याकाळी पुन्हा होईल. आम्ही मात्र कोहळ्यावर बोलणार आहोत. हसू नका. पुस्तकात ज्याला लाल भोपळा म्हणतात आणि तुम्ही ज्याची आखाडीला बोंडं तळता, तेच हे कोहळं.

एका बालवाडीत गेलो होतो. फळ्यावर भोपळ्याचं सुरेख चित्र होतं. पोरांना विचारलं, हे येतं कुठून? एक म्हणाला, बाजारातून. दुसरी म्हणाली, गाडीतून. सगळी शेतकऱ्यांचीच लेकरं! त्यांच्या आज्या ज्वारीच्या आणि पऱ्हाटीच्या तासात कोहळं, वाळूक, चवळी टोचत होत्या. ज्वारी हटली, सोयाबीन आलं, तासातला वेल गेला. लेकरांचा काय दोष?

कोणी म्हणेल, आमच्या पोराला या मातीतून बाहेर काढायचं आहे, त्याला पुन्हा वेल कशाला शिकवता? त्याला शेतकरी करण्यासाठी नव्हे. त्यानं 'का?' विचारावं म्हणून. 'का' विचारणारा पोरगा शेतात राहिला काय, कचेरीत गेला काय, सहजासहजी फसत नाही.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कोसबादला कुरणशाळा काढली. झाडं, पानं, बिया हीच त्यांची पाटी-पुस्तकं. आपल्याला तर अंगणही आहे आणि बीही घरचं आहे.

आता करायचं काय, ते सांगतो. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, पाऊसही तेव्हाच धरतो. पिकलेलं कोहळं वर्गात फोडा. बिया धुवून दहा-दहाच्या ढिगल्या लावायला सांगा. गणित तिथेच झालं. दोन बिया काचेच्या ग्लासात ओल्या फडक्याआड काचेला चिकटवून ठेवा. आठवडाभरात मूळ निघतं आणि खाली जातं. मग ग्लास आडवा करा. एक-दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळलेलं दिसेल. हे सांगायचं नाही, पोरांना पाहू द्यायचं.

बाकीच्या बिया कुंपणाशी खड्डा करून, टोपलंभर शेणखत घालून टोचा. दर सोमवारी सुतळीनं वेल मोजा आणि तेवढी सुतळी भिंतीवर टांगा. दीड महिन्यानं फुलं येतात. आधी नुसती नर फुलं, मग मादी. मादी फुलाखाली चिमुकलं कोहळं असतं, ते पोरांनाच शोधू द्या.

मग खरा प्रयोग. उद्या उमलणाऱ्या दोन मादी कळ्यांवर संध्याकाळी कापडी पिशवी बांधा, तिसरी उघडी ठेवा. सकाळी एका पिशवीतल्या फुलावर नर फूल घासा आणि पिशवी परत बांधा. दुसरीला हात लावू नका. काही दिवसांत न घासलेलं पिवळं पडून गळतं, घासलेलं फुगतं. उघड्या फुलाचं काम मधमाशीनं केलेलं असतं. आम्ही कृषीची पदवी घेतली, फुलाच्या आकृत्या काढून मार्क मिळवले. पण पहाटे उमलणारं कोहळ्याचं फूल नीट पाहिलं ते या पोरांसोबत.

आणि इथे तुमच्या सरकीचा संबंध येतो. १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतला एच-४ हा संकरित कापूस काढला, तो असाच, हातानं. कापसाच्या फुलात नर-मादी एकत्र असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी एकेका फुलातले पुंकेसर काढावे लागतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण लावावे लागतात. त्या सरकीचं पुढचं पीक एकसारखं येत नाही. म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. ज्या पोरीनं फूल घासलं आहे, तिला हे पाच मिनिटांत समजेल. आपल्याला कळायला किती हंगाम लागले?

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. एका शाळेत पोरं रोपांना पाणी घालत होती ते फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या कापून. बाटली घरून आणलेली. तोच हात पुढे खिचडीच्या ताटात जाणार होता! २०१७ साली यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, ते आपण विसरलो का? रिकामी बाटली घराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आणि सकाळी फुलं उघडी असताना फवाराल तर मधमाशी मरेल. मग कोहळं धरत नाही म्हणून वेलाला बोल लावू नका.

पेरणीपासून साडेतीन-चार महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, कोहळं पिकतं. कोवळं असताना त्यावर काट्यानं पोराचं नाव कोरा. फळासोबत ते नाव मोठं होतं.

तेव्हा या हंगामात प्रत्येक गावानं एवढं करावं: मूठभर घरचं बी, दोन टोपली शेणखत आणि घरातली एक आजी अंगणवाडीत पाठवावी. आजीला हे सारं आधीच ठाऊक आहे. तिला आजवर कोणी शिकवायला बोलावलं नाही, एवढंच.