कूलर द्यायचा की गारवा?



नवतपा अजून लागायचा आहे, तरी सभागृहाच्या दोन्ही बाजूंना कूलर लागले आहेत. ते भाड्याचे आहेत. आज सकाळी हातठेल्यावरून आले आणि व्याख्यानमाला आटोपली की तसेच परत जातील. पत्रिकेत माझा विषय ‘वस्तू आणि सेवा यांची एकत्रित रचना’ असा छापला आहे. त्याची सुरुवात मी या दोन कूलरांपासूनच करतो, कारण नागपूरकराला याहून ओळखीचे उदाहरण मला सापडले नाही.

मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान ४३ अंश, आर्द्रता जेमतेम १५ टक्के. अशा हवेत ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक साधारण २२-२३ अंश दाखवतो. ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर कूलरमधून २७ अंशांच्या आसपासची हवा मिळते. यासाठी मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि ताट्यांवर पांढरा थर धरतो. जुलैत आर्द्रता चढली की हेच यंत्र दोन-तीन अंशांपुरते उरते. थोडक्यात, वर्षातले तीन-साडेतीन महिने राबणारी आणि उरलेले महिने गच्चीवर गंजणारी ही वस्तू आहे.

आता बघा, कूलर विकणाऱ्याला काय हवे असते? पत्रा पातळ, किंमत कमी, रंग चकचकीत. टाकी तिसऱ्या वर्षी गळली तर ती घेणाऱ्याची कटकट. पण तोच माणूस कूलर भाड्याने देऊ लागला की गंज त्याच्या खिशाला लागतो. मग त्याला जाड पत्रा परवडतो, एकाच मापाचे पंप आणि ताट्या सोयीच्या वाटतात, एकावर एक रचता येणारे सांगाडे हवेसे होतात. गरज तीच, पण मालकी कोणाकडे राहते यावरून पत्र्याची जाडी ठरते. आमच्या शास्त्राचा सगळा गाभा मला इथे दिसतो.

या विचाराला जगात मोठा इतिहास आहे. ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने १९६२ मध्ये विमानाच्या इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या तासांवर ठरलेल्या दराने द्यायला सुरुवात केली. ती कंपनी पुढे रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली. वॉल्टर स्टाहेल या स्विस वास्तुविशारदाने वस्तूऐवजी तिचे काम विकण्याची कल्पना मांडली. अर्नोल्ड टुकर यांनी २००४ मध्ये अशा व्यवस्थांचे तीन गट पाडले: वस्तू विकून सोबत सेवा देणे, वस्तू वापरायला देणे आणि थेट परिणामाची हमी देणे. कूलर विकून वर्षाची देखभाल करणे हा पहिला गट, भाड्याने देणे हा दुसरा. ‘तुमची खोली दुपारी २८ अंशांवर ठेवीन, यंत्र कोणते ते माझे मी बघतो’ असे कोणी म्हणाला, तर तो तिसरा. जसजसे पुढे जावे तसतशी जोखीम ग्राहकाकडून देणाऱ्याकडे सरकते.

मग रचना करायची कशी? लिन शोस्टॅक या बँकेत काम करणाऱ्या बाईंनी १९८४ मध्ये सेवेचा आराखडा काढण्याची एक पद्धत मांडली. यंत्राचा नकाशा काढतात तसा सेवेचाही काढायचा. मधोमध एक रेषा: वर ग्राहकाला दिसते ते, खाली न दिसणारे. कूलरच्या बाबतीत वर येते फोन, ठेला, खिडकीत बसवणे. खाली येते गोदाम, सुट्या पंपांचा साठा आणि मार्चअखेरच्या पंधरवड्यात सगळ्या शहराला एकदमच लागणारे मेकॅनिक. हा आराखडा आणि कूलरचा नकाशा एकाच टेबलावर, एकाच दिवशी काढायचा. आपल्याकडे नकाशा आधी होतो आणि सेवा मागाहून चिकटवली जाते.

आमच्या घरी येणारा मेकॅनिक एकदा पंप काढताना म्हणाला, “मोटर चालून राहिली भाऊ, पण पाणी नाही चढून राहिलं. हा पंप काढायले अख्खी ताटी उतरवा लागते.” दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. पंपाची जागा ठरवताना त्याला कोणी विचारले असते, तर एका पंधरवड्यात त्याच माणसाने किती घरे जास्त केली असती!

दुसरे साधन म्हणजे बिघाडांची पडताळणी. प्रत्येक बिघाडाला तीन आकडे द्यायचे: किती घातक, किती वेळा घडतो आणि घडण्याआधी कळणे किती अवघड. कूलरचा शॉक पहिल्या रकान्यात दहापैकी दहा घेतो. लोखंडी सांगाडा, ओली फरशी, अनवाणी पाय आणि हातात बादली. विदर्भात दर उन्हाळ्यात या शॉकने माणसे जातात, लहान मुलेही जातात. मला हे बोलताना त्रास होतो, कारण हे टाळता येते. विकलेला कूलर घरी जुना होतो, त्याची वायर कोणी तपासत नाही. भाड्याचा कूलर दर वर्षी गोदामात परततो. तिथे इन्सुलेशन मोजणे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा ब्रेकर सोबतच देणे, हे सेवेचाच भाग करता येते. शिवाय पावसाळ्याआधी कूलर परत गेला की टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढत नाही.

हीच नजर शहराच्या मोठ्या प्रयोगांकडे वळवू. २६ मे २०१७ रोजी ओला आणि महिंद्रा यांची २०० विद्युत वाहनांची सेवा नागपुरात सुरू झाली. चार्जिंगची ठिकाणे पन्नासच्या घरात होती. वस्तू तयार होती, देशात पहिलेपणाचा मानही मिळाला. पण पुढच्या वर्षीच चालकांना चार्जिंगसाठी तासन्‌तास ताटकळावे लागते अशा बातम्या आल्या. गणित साधे आहे: एका जागेमागे चार गाड्या आणि एका चार्जला दीड तास धरला, तर चौथ्याला साडेचार तास थांबावे लागते. तेवढा वेळ त्याची कमाई बंद, आणि उन्हात एसी चालवल्याने बॅटरी आधीच लवकर उतरलेली. गाडीइतक्याच बारकाईने रांगेचीही रचना करावी लागते.

पाण्याचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. चोवीस तास पाण्याचा प्रयोग आधी धरमपेठ भागात झाला. मग १ मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे २५ वर्षांच्या कराराने शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम गेले. ठरावीक तास पाणी येणाऱ्या घरात टाकी, टुल्लू पंप आणि पहाटेची जाग असते, म्हणजे प्रत्येक घर स्वतःचे छोटे जलकेंद्र चालवते. पाणी नसताना रिकाम्या नळ्यांत बाहेरची घाण ओढली जाते. नळात सतत दाब राहिला तर घाणही थांबते आणि घरोघरचा तो पसाराही आवरतो. म्हणून ही परिणामाची हमी मला मनापासून पटते.

तरीही ती हमी सगळ्या शहरात ठरल्या मुदतीत पुरी झाली नाही. जुलै २०१९ मध्ये तर शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. शहराला पाणी पुरवणाऱ्या पेंच नदीच्या धरणातच पाणी नव्हते. पाऊस लांबला होता आणि वर मध्य प्रदेशात चौराईच्या धरणात पाणी अडले होते. मीटर, नळजोडण्या, गळती यांचा हिशेब व्यवस्थेच्या आत होता. नदी बाहेर राहिली होती. रचना करताना कुंपण कुठे घालायचे, हा निर्णय इतर सर्व निर्णयांच्या आधीचा आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमात त्याला जेमतेम एक तास मिळतो.

मला उद्या नागपूरच्या पाण्याचा आराखडा काढायला बसवले, तर मी कागद छिंदवाडा जिल्ह्यातल्या पेंचच्या पात्रापासून सुरू करीन. मग नवेगाव खैरीचा जलाशय, गोरेवाड्याचे जलशुद्धीकरण केंद्र, जलकुंभ, गल्लीतला व्हॉल्व्ह आणि तो फिरवणारा माणूस, असे करत करत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या नळापर्यंत येईन. आणि प्रत्येक टप्प्यापुढे लिहीन: इथे पाणी थांबले तर फोन कोणाला करायचा.